चित्रपट सुरू होण्यापूर्वी

तुम्ही चित्रपट पाहायला जाता तेव्हा तिकिटावर छापलेली वेळ आणि चित्रपट खरोखर सुरू होण्याची वेळ यांत किती अंतर असते, हे कधी घड्याळात पाहिले आहे का? पुढच्या वेळी जरूर पाहा. दिवे मंद होतात, दारे बंद होतात, सगळे गप्प बसतात. आणि पडद्यावर दिसतो तो साबण, सोन्याचे दागिने, नवी मोटारगाडी किंवा घोडबंदर रस्त्यावरची एखादी उंच इमारत! नायक अजून आलेला नसतो. त्याच्या आधी दुकानदार येऊन गेलेला असतो.

या पाठात आपण त्या दुकानदाराविषयी वाचणार आहोत. चित्रपटाविषयी बोलायला सगळ्यांनाच आवडते. त्याच्या आधीच्या जाहिरातींविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही.

आधी 'जाहिरात' हा शब्दच पाहा. उर्दूत आपण 'इश्तिहार' म्हणतो. पण 'जाहिरात' हा मराठी शब्द तुम्हाला परका वाटायला नको. 'ज़ाहिर' म्हणजे उघड, सर्वांना दिसणारे. त्यातूनच मराठीत जाहीर, जाहिरात, जाहीरनामा, जाहीर सभा हे शब्द आले. म्हणजे शब्दाचे मूळ तुमच्या ओळखीचे आणि वापर मात्र मराठी! या गोष्टीकडे आपण थोड्या वेळाने पुन्हा येऊ, कारण तिच्यात एक गंमत आहे आणि एक धोकाही आहे.

आज पडद्यावर दिसणाऱ्या जाहिराती हलत्या, बोलत्या असतात. पूर्वी त्या अशा नव्हत्या. गावातल्या दुकानांच्या जाहिराती काचेवर असत. तळहाताएवढ्या काचेवर दुकानाचे नाव, पत्ता आणि एखादे चित्र रंगवलेले असे. प्रकाशयंत्रात ती काच सरकवली की भिंतीएवढ्या पडद्यावर अक्षरे उमटत. या काचेला सगळे 'स्लाईड' म्हणत. मध्यंतरात आणि खेळ सुरू होण्यापूर्वी अशा दहा-पंधरा स्लाईडी एकामागून एक येत.

काचेवरची चित्रे पडद्यावर दाखवण्याची ही कला आपल्या भागाला फार जुनी आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 साली 'शांबरिक खरोलिका' या नावाने असे खेळ सुरू केले. नाव उच्चारायला अवघड आहे, पण अर्थ सोपा आहे. 'शांबरी' म्हणजे माया, जादू. 'शांबरिक खरोलिका' म्हणजे जादूचा कंदील. उर्दू शायरीत 'फानूस-ए-खयाल' हा शब्द येतो. ज्याच्या आवरणावरची चित्रे फिरताना दिसतात, असा तो कंदील. पटवर्धनांचा कंदील त्याचाच दूरचा भाऊ म्हणायला हवा. पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी पुराणातल्या कथांची रंगीत चित्रे काचांवर तयार केली. काचा सरकवून चित्र हलल्याचा भास ते निर्माण करीत आणि सोबत गोष्ट सांगत. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली ती 7 जुलै 1896 रोजी. कल्याणचा खेळ त्याच्या चार वर्षे आधीचा. कल्याण म्हटले की आपल्याला रेल्वेचे जंक्शन आठवते, किल्ला आठवतो, खाडी आठवते. हेही आठवायला हरकत नाही.

पुढे चित्रपट आले, चित्रपटगृहे झाली. ठाण्यात मल्हार, वंदना, आनंद, गणेश, प्रभात. कल्याणात कृष्णा, भानुसागर. डोंबिवलीत टिळक, गोपी, मधुबन, पूजा ही नावे तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. त्यांच्या चेहऱ्यावर हसू येईल. यांतली सगळीच आज पूर्वीच्या रूपात नाहीत. पण नावे टिकली. ठाण्यात एस.टी.च्या एका स्थानकाला लोक 'वंदना स्टँड' म्हणतात आणि तिथे उतरणाऱ्या कितीतरी मुलांना ते चित्रपटगृहाचे नाव आहे हे ठाऊक नसते.

स्लाईड दाखवण्यातही कसब होते. भिंगातून जाताना चित्र उलटे होते. म्हणून काच यंत्रात खालचे वर करून घालावी लागे. घाईत ती चुकीची घातली गेली की दुकान डोक्यावर उभे राही आणि सगळे प्रेक्षक शिट्ट्या वाजवीत. कधी काच डावी-उजवी पालटून जाई. मग मराठी अक्षरे उजवीकडून डावीकडे धावू लागत. एकदा असे झाले तेव्हा माझ्या शेजारी बसलेली माझी मैत्रीण मोठ्याने म्हणाली, "बघ, आता मराठीसुद्धा उर्दूसारखी लिहितात!"

स्लाईडींमध्ये सगळ्याच जाहिराती नसत. 'धूम्रपान करू नये', 'खिसेकापूंपासून सावध राहा' अशा सूचना असत. (हा 'खिसा'ही फारसी 'कीसा'वरून आलेला आहे, आपण मात्र 'जेब' म्हणतो.) घाईने लिहिलेले निरोपही असत. अमक्या डॉक्टरांनी ताबडतोब बाहेर यावे, असे पडद्यावर आले की अंधारात एक खुर्ची वाजे आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळत. मोबाईल नव्हता, त्या काळची ही गोष्ट आहे.

आता मी तुम्हाला एक घडलेला प्रसंग सांगते.

2000 साली मी पाचवीत होते. माझी खाला, म्हणजे मावशी, कल्याणला राहत असे. ईदच्या सुट्टीत तिच्या मुलाने आम्हा मुलांना चित्रपट पाहायला नेले. त्याला आम्ही भाईजान म्हणतो. भाईजान तेव्हा दहावी होऊन घरीच होता. शाळा उर्दू माध्यमाची. मराठीत तो कसाबसा पास झालेला. बोलायचा झकास, पण वाचायचा कंटाळा करायचा. माझे मराठी त्याच वर्षी जोरात सुरू झाले होते आणि मी दिसेल ती पाटी मोठ्याने वाचत सुटले होते. बसची पाटी, दुकानाची पाटी, रेल्वे स्थानकावरची पाटी, काही सोडत नसे.

मध्यंतरात स्लाईडी सुरू झाल्या. साडीचे दुकान झाले, चष्म्याचे दुकान झाले. मग एक निळी स्लाईड आली. एका प्रशिक्षण वर्गाची ती जाहिरात होती. मोठ्या अक्षरांत लिहिले होते: 'फक्त 3 महिन्यांत फ्रिज-एसी दुरुस्ती शिका. खास सवलत. आखाती देशांत नोकरी.' भाईजान सावरून बसला. एवढे त्याला वाचता आले. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. त्याने मला कोपराने ढोसले आणि विचारले, "खाली काय लिहिलं आहे गं?"

मी वाचू लागले. ओळ लांब होती. ओळखीचे शब्द मी पटकन टिपले. 'प्रवेश' कळला, कारण चित्रपटगृहाच्या दारावरही तोच होता. पुढे 'शुल्क' होते. ते मी सोडून दिले. 'परत' कळला. 'परत केले जा...' इथपर्यंत पोहोचले आणि काच बदलली. पडद्यावर मिठाईचे दुकान आले.

"परत करतात, असं लिहिलं आहे," मी भाईजानला सांगितले.

खालाने शिवणकाम करून जमवलेले पंधराशे रुपये भाईजानने त्या वर्गात भरले. वर्ग तीन आठवडे चालला. एका खोलीत एक बिघडलेला फ्रिज आणि वीस-बावीस मुले. मग शिकवणारा येईनासा झाला. भाईजान पैसे परत मागायला गेला तेव्हा तिथल्या कारकुनाने त्याला पावती पालटून दाखवली. पावतीच्या मागे तीच ओळ छापलेली होती, जी मी स्लाईडवर अर्धी वाचली होती: 'भरलेले प्रवेश शुल्क कोणत्याही कारणास्तव परत केले जाणार नाही.'

'नाही' हा शब्द शेवटी होता.

मला कोणी रागावले नाही. दहा वर्षांच्या मुलीला काय रागवायचे? पण खाला पुन्हा मशीनवर बसली, त्याचा आवाज मला आठवतो. त्या वाक्याचा विचार मी पुढे कितीतरी वर्षे करीत होते. बी.एड.च्या वर्गात बसले असतानाही एकदा ते मला आठवले आणि मी ते वहीच्या समासात लिहून काढले. तिथे मला पहिल्यांदा त्याची रचना नीट दिसली.

तुम्हीही पाहा. उर्दूत आपण म्हणतो, 'फीस वापस नहीं की जाएगी.' 'नहीं' क्रियापदाच्या आधी येते. वाक्य अर्धे वाचले तरी नकार कानावर पडून जातो. मराठीत तसे नाही. 'केले जाणार' हे आधी येते आणि 'नाही' अगदी शेवटी, पूर्णविरामाच्या दारात उभे असते. 'परत केले जाणार' आणि 'परत केले जाणार नाही' यांत फरक दोन अक्षरांचा आहे आणि पंधराशे रुपयांचाही. म्हणून मराठी वाक्य वाचताना शेवटच्या शब्दापर्यंत जावेच लागते. घाईच्या वाचनात आधी शेवट पाहिला तरी चालेल.

दुसरी गोष्ट त्याहून मजेची आहे. त्या स्लाईडवरची मोठी अक्षरे पुन्हा वाचा. 'फक्त' म्हणजे आपले 'फ़क़त'. 'महिना' तोच. 'दुरुस्ती' तीच. 'खास' तेच. 'सवलत' म्हणजे आपली 'सहूलत'. 'नोकरी' तीच. भाईजानला ही ओळ वाचता आली यात नवल काय? सगळे शब्द घरचेच होते! आता बारीक ओळ पाहा: प्रवेश, शुल्क, कारणास्तव. यांतला एकही शब्द आपल्या घरात बोलला जात नाही. 'फी' लिहिले असते तर भाईजानला कळले असते. 'सबब' लिहिले असते तरी कळले असते. तो शब्दही मराठीत आहे आणि उर्दूतही.

जाहिरात लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केले असेल असे मला म्हणायचे नाही. मराठीची घडणच अशी झाली आहे. बाजारातले शब्द फारसी-अरबीतून पुष्कळ आले. नियम-अटींचे आजचे शब्द मात्र बहुतेक संस्कृतातून घडवले गेले. परिणाम असा होतो की जाहिरात आपल्याला बोलावते ती आपल्या ओळखीच्या शब्दांत आणि बांधून घेते ती अनोळखी शब्दांत. उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याने हे इतरांपेक्षा जास्त ध्यानात ठेवायला हवे. 'मोफत' वाचता येते म्हणून सगळी जाहिरात वाचता आली असे होत नाही. शुल्क, अट, मर्यादित, परतावा, बंधनकारक, ग्राह्य, देय, उत्तरदायित्व हे शब्द आजच वहीत लिहून घ्या आणि समोर उर्दू अर्थ लिहा. गरज पडली तर घरी मोठ्यांना विचारा. त्यांनाही आले नाहीत, तर तुम्ही त्यांना सांगा.

आखाती देशांतल्या नोकरीबद्दलही एक गोष्ट माहीत असू द्या. 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या दलालाला सरकारकडे नोंदणी करावीच लागते. नोंदणी क्रमांक विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

काचेच्या स्लाईडींबरोबरच फितीवरच्या जाहिरातीही पडद्यावर येत. त्या मोठ्या कंपन्यांच्या असत, कारण फीत महाग. चित्रपटाची फीत सेकंदाला 24 चित्रे या गतीने धावते. 35 मिलिमीटर रुंदीच्या एक फूट फितीवर 16 चित्रे मावतात. म्हणजे एका सेकंदाला दीड फूट फीत लागते. 30 सेकंदांच्या जाहिरातीला किती? 45 फूट. आता ही जाहिरात शंभर चित्रपटगृहांत दाखवायची असेल तर तेवढ्या प्रती काढायच्या आणि गावोगावी पाठवायच्या. गणिताच्या तासाला हा हिशेब पुरा करून पाहा.

या फितीवरच्या जाहिरातींत एक नाव आपल्या डोंबिवलीशी जोडलेले आहे. केशव विष्णु पेंढरकर यांनी 1952 साली मुंबईत 'विको' ही कंपनी सुरू केली. आयुर्वेदिक दंतमंजन हे तिचे आरंभीचे उत्पादन. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत तिचा कारखाना उभा राहिला. दूरदर्शनवर पैसे घेऊन जाहिराती दाखवण्यास सुरुवात झाली ती 1 जानेवारी 1976 पासून. तोपर्यंत हलती जाहिरात दाखवायची तर चित्रपटगृहाशिवाय जागा नव्हती. विकोच्या जाहिराती चित्रपटगृहांत इतक्या वर्षांपासून आणि इतक्या भाषांतून दाखवल्या गेल्या की लोक मुख्य चित्रपटाची कथा विसरले, पण त्या जाहिरातीची चाल विसरले नाहीत.

कंपनीच्या हळदीच्या क्रीमच्या जाहिरातीत हे सौंदर्यप्रसाधन नाही, आयुर्वेदिक आहे, असे ठासून सांगितले जाई. ऐकणाऱ्याला वाटे, ही नुसती स्तुती. पण याच प्रश्नावर कंपनी आणि केंद्रीय उत्पादनशुल्क विभाग यांच्यात कित्येक वर्षे न्यायालयात वाद चालला होता. सौंदर्यप्रसाधनावर कर जास्त, आयुर्वेदिक औषधावर कमी. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पडद्यावरच्या एका ओळीमागे केवढे प्रकरण असू शकते, पाहा!

विकणारे एकटे दुकानदार आणि कारखानदारच होते असेही नाही. सरकारलाही अंधारात बसलेला प्रेक्षक हवा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 साली, इंग्रज सरकारने चित्रपटाआधी युद्धाच्या बातम्या दाखवणे सक्तीचे केले. स्वातंत्र्यानंतर 1948 साली 'फिल्म्स डिव्हिजन' स्थापन झाले. त्याची बातमीपत्रे आणि माहितीपट प्रत्येक चित्रपटगृहाने दाखवायचे आणि त्याबद्दल भाडेही द्यायचे, असा नियम होता. धरणे, शेती, पूर, लसीकरण, छोटे कुटुंब, सगळे त्यात येई. लोक कुरकुरत. अनेक जण मुद्दाम दहा मिनिटे उशिरा येत. तरीही ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्याने भाक्रा-नांगल धरण पाहिले ते तिथेच. फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट काढण्याचे काम 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपवण्यात आले आणि ते नाव पडद्यामागे गेले.

आज सरकारी संदेशांपैकी तुम्हा सर्वांना पाठ असलेला एक आहे, तो तंबाखूविरोधी. 2 ऑक्टोबर 2012 पासून असा नियम आहे की चित्रपटात तंबाखूचे सेवन दिसत असेल, तर सुरुवातीला आणि मध्ये किमान 30 सेकंदांचा आरोग्यसंदेश दाखवावा आणि ते दृश्य चालू असताना खाली इशारा लिहावा. या संदेशांपैकी एकात दिसलेला, गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग झालेला तरुण आपल्याच महाराष्ट्रातला होता. 2009 साली तो वारला, तेव्हा तो 24 वर्षांचा होता. तुम्ही मधल्या सुट्टीत त्या संदेशाचा आवाज काढून एकमेकांना हसवता, हे मला ठाऊक आहे. एकदा माझ्या वर्गात असाच हशा पिकला होता. एक मुलगा हसत नव्हता. त्याचे वडील तेव्हा परळच्या टाटा रुग्णालयात दाखल होते. मी काही बोलले नाही. बाकावरच्या मुलांना ते आपोआप कळले आणि वर्ग शांत झाला.

आणि गंमत अशी की तो संदेश संपतो न संपतो तोच पडद्यावर एखादा मोठा नट वेलचीचा डबा हातात घेऊन उभा राहतो. डब्यावरचे नाव पानमसाल्याचे असते. जाहिरात मात्र वेलचीची! ज्या वस्तूची जाहिरात करता येत नाही, तिचे नाव दुसऱ्या वस्तूच्या आडून लोकांच्या डोक्यात ठेवायचे, असा हा प्रकार आहे. त्याला छुपी जाहिरात म्हणतात. वेलची खाण्यासाठी इतका खर्च कोण करील, हा प्रश्न तुम्हाला पडला पाहिजे.

आता काचा गेल्या, फितीही गेल्या. चित्रपट आणि जाहिराती संगणकातून किंवा उपग्रहावरून येतात. मोठ्या कंपनीची जाहिरात एकाच दिवशी ठाण्यात आणि नागपुरात दिसू शकते. कोपऱ्यावरचा चष्मेवाला त्या पडद्यावर आता क्वचितच दिसतो. मला त्याची थोडी हळहळ वाटते. स्लाईडवरच्या दुकानात आपण दुसऱ्या दिवशी जाऊ शकत होतो, भांडूही शकत होतो.

वेळेचा प्रश्नही मोठा झाला आहे. मोबाईलवर काही सेकंदांनी जाहिरात पुढे ढकलता येते, दूरदर्शनवर वाहिनी बदलता येते. चित्रपटगृहात तसे काही करता येत नाही. तिकिटाचे पैसे दिलेले असतात, खुर्ची ठरलेली असते, अंधार असतो. आपले लक्ष जाहिरातदाराने आधीच विकत घेतलेले असते. फक्त त्याचे पैसे आपल्याला मिळत नाहीत, चित्रपटगृहाला मिळतात. डिसेंबर 2023 मध्ये बंगळूरच्या एका प्रेक्षकाने 4 वाजून 5 मिनिटांच्या खेळाचे तिकीट काढले आणि चित्रपट सुरू झाला साडेचारला. त्याने ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने निकाल प्रेक्षकाच्या बाजूने दिला आणि भरपाई देण्यास सांगितले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. तुमच्या वर्गात या प्रकरणावर वाद घालायला हरकत नाही. जाहिरातींच्या उत्पन्नावर चित्रपटगृह चालते, त्या नसत्या तर तिकीट आणखी महाग झाले असते, असे दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात. तेही अगदीच खोटे नाही. मला स्वतःला वाटते की जाहिराती खुशाल दाखवाव्यात, पण चित्रपट किती वाजता सुरू होणार ते तिकिटावर छापावे.

आणि भाईजानची ती बारीक ओळ? तिच्याविषयी आता नियम झाला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 2020 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्याला आहे. जून 2022 मध्ये या प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात असे स्पष्ट म्हटले आहे की जाहिरातीतला दावा ज्या भाषेत असेल, त्याच भाषेत त्याची अट लिहावी आणि दाव्याची अक्षरे जशी, तशीच अटीचीही असावीत. तक्रार करायची असेल तर 1915 हा दूरध्वनी क्रमांक आहे. नियम चांगला आहे. पण पुढच्या खेपेला पडद्याकडे नीट पाहा. मोठी अक्षरे मराठी किंवा हिंदी आणि तळाशी मुंग्यांएवढी इंग्रजी, असे तुम्हाला अजूनही दिसू शकेल.

भाईजान फ्रिज दुरुस्त करायला शिकला. मुंब्र्याच्या एका उस्तादांकडे चार वर्षे राहून, हातांना चटके खात शिकला. आज त्याचे स्वतःचे छोटे दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याला दुकानासाठी मराठी आणि उर्दू अशा दोन्ही भाषांत पत्रके छापायची होती. मजकूर घेऊन तो माझ्याकडे आला. "तू मास्तरीण आहेस, मराठी नीट कर," म्हणाला. वर लिहिले होते: 'फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन दुरुस्ती. तपासणी मोफत.' त्याखाली त्याने लिहिले होते: 'गॅस भरण्याचे पैसे वेगळे पडतील.'

मी 'शुल्क' हा शब्द सुचवला. तो नको म्हणाला. 'पैसे'च राहू दे.

मग आम्ही छापखान्यात गेलो. तिथला मुलगा संगणकावर अक्षरे जुळवीत होता. त्याने गॅसची ओळ बारीक करून अगदी तळाशी नेली. ओळ मोठी ठेवली तर पत्रक बरे दिसणार नाही, असे त्याचे म्हणणे. भाईजान खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसला आणि ती ओळ 'मोफत'च्या मापाची होईपर्यंत उठला नाही.